कमळीचे हात

माहेरी पहिलं बाळंतपण आणि आजी नातीला हातही लावत नाही, असं गिरीज गावात कधी कोणी ऐकलं होतं? कमळीने तो पराक्रम करून दाखवला. लेक खुशी दवाखान्यातून बाळ घेऊन आली त्याच दिवशी तिने तेल-पाण्याला बाई ठेवली. "माझी कंबर धरलीय," म्हणाली आणि तशीच वाडीत जाऊन केळीचा अख्खा घड खांद्यावर टाकून घेऊन आली. कसली कंबर नि कसलं काय! खुशी हे सगळं बघत होती.

खरं दुखणं तळहातांवर होतं. कमळीला सोरायसिस होता, लाल चट्टे आणि वर पांढरा कोंडा. हळदीकुंकवाला बाया तिच्या हातचं वाण घ्यायला कचरायच्या. तिच्या आईलाही हेच होतं आणि आईनेच तर तिला न्हाऊमाखू घातलं होतं. तेव्हा हे हातातूनच लागतं, अशी कमळीची खात्री. ती दारातूनच "झोप गं लबाडे," म्हणायची आणि आत जीव नुसता तुटायचा.

एका सकाळी बाळाच्या टाळूवर पिवळट खपल्या दिसल्या.

"शिवले पन नाय गं तिला, तरी आलंच! माझ्या रक्तातनं गेलं!" ओट्यावर बसून कमळीने गळाच काढला, आणि त्या रडण्यात सगळं खुशीला सांगून टाकलं.

खुशीने दोघींना रिक्षात घातलं आणि थेट कातडीच्या डॉक्टर ब्रेंडा यांच्याकडे नेलं. त्यांनी टाळू बघितली आणि त्या हसल्या.

"तान्ह्या बाळांना होतं असं. तेलाने मऊ करून हलकेच पुसा, जाईल."

"आणि हे?" कमळीने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"सोरायसिस हात लावून लागत नाही, कमळीबाई. कधीच नाही."

"मग आईचं मना कसं आलं?"

"कातडीचा वरचा थर भक्कम ठेवणारी जनुकं असतात. काहींच्यात त्यांतला एखादा तुकडा जन्मापासूनच नसतो. तो वारसा आईबापांकडून येतो, त्याने धोका थोडा वाढतो. पण असे लोक कितीतरी आहेत आणि बहुतेकांना जन्मभर एक चट्टा उठत नाही. बाकी बरंच काही जुळून यावं लागतं."

कमळीने जरा विचार केला. "म्हंजे कुंपनाच्या दोन काठ्या नसल्या, म्हनून गुरं आत शिरतीलच असं नाय."

"अगदी बरोबर!"

"मग बाळाची तशी तपासणी करून घेऊ?" खुशीने विचारलं.

"कशाला? कळून करणार काय? पुढे कधी चट्टा दिसलाच तर या, औषधं आहेत. तुमच्या आईंनाही आजपासूनच देते."

परतताना रिक्षात खुशीला एकदम हुंदका आला.

"मला वाटलं, मुलगी झाली म्हणून तू तिला घेत नाहीस."

कमळी गारच पडली. "मेले, असं कसं गं वाटलं तुला?" म्हणाली आणि तिथेच, रिक्षातच, तिने बाळाला ओढून छातीशी धरलं.

दुसऱ्या दिवशी बाई आली तेव्हा कमळी न्हाणीत पाटावर पाय पसरून तयार बसली होती. "तू आज बसून चहा पी," तिने बाईला फर्मावलं. पायांवर बाळ, वाटीत कोमट खोबरेल. त्या खरबरीत हातांखाली बाळाने अंग सैल सोडलं, डोळे मिटले आणि आजीच्या पायावर खुशाल धार सोडली.

"मुतली गं! माझ्या अंगावर मुतली!" कमळी अशी ओरडली की शेजारच्या वाडीतली माणसं विचारायला आली.