ओकारीची कविता

आबांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि हात पुसत ते काउंटरपाशी आले, तोवर त्यांची नात टिकली स्टुलावर चढून शेवटच्या ओळींपर्यंत पोचली होती.

"पोटात माझ्या राहतं कोण?
एक बेडूक, मिश्या दोन.
वर चढतो, खाली पडतो,
दार उघडा म्हणून रडतो.
दार उघडलं... ओऽऽक!"

'ओक' म्हणताना ती कमरेतून वाकली आणि तिची बाहेर काढलेली जीभ घडी घातलेल्या पांढऱ्या कोटांच्या गठ्ठ्यावर लोंबली. शेजारच्या दुकानातला शिंपी दोऱ्याचं रीळ हातात धरून भिंतीला टेकला होता आणि हसून हसून त्याचे डोळे भरले होते.

"खाली उतर," आबा म्हणाले.

"अजून एक कडवं आहे आबा. त्यात बेडूक परत आत जातो."

"उतर म्हटलं ना!"

टिकली उतरली आणि मागच्या खोलीत गेली. आबांनी वरचा कोट उचलला, उजेडात धरून पाहिला. काही लागलं नव्हतं. तरी तो त्यांनी धुवायच्या ढिगात टाकला.

"अहो, पोरांची कविता आहे ती," शिंपी म्हणाला. "गुदगुलीकाकांची. माझ्या नातवाला तर शेंबडाची अख्खी पाठ आहे. ऐकवू का?"

"नको."

"नाकात माझ्या—"

"आत्ता चहा प्यायलोय मी. नको म्हटलं ना."

"तुमचं आपलं काहीतरीच. जन्मभर लोकांची घाण धुतलीत आणि बेडकाला घाबरता."

या गुदगुलीकाकांनी शेंबडावर लिहिलं होतं, उवांवर, कानातल्या मळावर, जेवताना सुटलेल्या पादावरही लिहिलं होतं. पोरांचं घर म्हटलं की त्यांचं एखादं पुस्तक असायचंच, आणि तेही पानं सुटेपर्यंत वाचलेलं. कुणी म्हणे, पोरांना पोरांसारखं हसवणारा एकदाचा कवी मिळाला. कुणी म्हणे, या माणसाला शाळेच्या फाटकातूनसुद्धा आत घेऊ नये. आबांचं मत एका शब्दाचं होतं. घाण.

शिंपी म्हणत होता ते खोटं नव्हतं. धंद्यात आबांनी कशाला म्हणून नाक मुरडलं नव्हतं. कपडा हातात घेतला की ते गिऱ्हाइकाला हळूच विचारायचे, "डाग कशाचा?" कारण डाग कशाचा ते कळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. चुकीचं औषध लागलं तर तो कायमचा बसतो. लोक खोटं बोलायचे. दहातले सहा जण 'चहा' म्हणायचे. आबा मान हलवायचे, आत जाऊन कपडा नाकाशी नेऊन खरं काय ते समजून घ्यायचे आणि कामाला लागायचे.

घरात मात्र त्यांना ते जमलं नाही. गेल्या थंडीत बायकोच्या पोटात काही ठरेनासं झालं, तेव्हा चादरी त्यांनी स्वतः धुतल्या, दुकानातल्या पोऱ्याला हातसुद्धा लावू दिला नाही. पण खोलीत जाताना ते नाकावर रुमाल बांधून जायचे.

"आले बघ दरोडेखोर," ती टिकलीला म्हणायची. "लपव ते औषध, लपव."

टिकली तिच्या पायथ्याशी मांडी घालून ते पुस्तक घेऊन बसलेली असायची. कळ आली की दोघी मोठमोठ्यानं बेडकाला हाका मारायच्या, आणि बेडूक आला की टिकली दोन्ही हातांनी भांडं धरायची. आबांनी एकदा तिला दंडाला धरून बाहेर आणलं होतं. तेव्हा बायको म्हणाली होती,

"राहू द्या हो तिला. ती धरते ना, तेव्हा मला लाज वाटत नाही."

आबांनी टिकलीचा दंड सोडला होता. रुमाल सोडला नव्हता.

बायको गेल्यावर त्यांनी गादी देऊन टाकली, फरशी फिनेलनं घासली, मग पुन्हा घासली. तरी शिसारी काही जाईना. दुधावरची साय पाहिली की पोटात ढवळायचं. शिंपी बशीतून चहा फुरकायला लागला की ते उठून मागे जायचे. ओल्या टॉवेलाचा वास, जिन्याच्या कठड्याचा चिकटपणा, स्वतःच्या उशीचा अभ्रा, सगळं अंगावर पाल पडल्यासारखं. आणि त्यावर ही कविता.

संध्याकाळी त्यांची मुलगी, टिकलीची आई, कामावरून आली. जेवताना आबांनी विषय काढला.

"ती कविता बंद करा आता."

"कशी बंद करू? शाळेच्या कार्यक्रमात म्हणणार आहे ती."

"स्टेजवर? लोकांसमोर ओकणार?"

"आबा, हळू." मुलीनं टिकलीकडे पाहिलं. टिकली ताटात बोट फिरवत होती. "वर्गात ती तोंड उघडत नाही. सहा महिने झाले, बाईंनी काही विचारलं की नुसती बघत बसते. या कवितेसाठी मात्र तिनं आपणहून हात वर केला."

"मग फुलांची म्हणावी, चांदोबाची म्हणावी. जगात कविता काय कमी आहेत?"

"तिला नाही येत दुसरी."

"मी शिकवतो."

"तुम्ही?" मुलीला हसू आलं, पण ते तिनं गिळलं. "आईला किती आवडायची ती."

"तुझ्या आईला ताप होता," आबा म्हणाले. "उद्या भेटतो मी बाईंना."

"भेटा. पण टिकलीला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

ताट उचलून टिकली मोरीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये तालीम चालली होती. पोरं खुर्च्यांवरून उड्या मारत होती. आबा दाराशी पोचले, तर त्यांच्याआधीच एक गिऱ्हाईक तिथं उभं. त्या पांढऱ्या कोटांच्या मालकीण, दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांची मुलगी टिकलीच्याच वर्गात होती.

"अय्या, आबा! बरं झालं बाई तुम्हीच आलात. मी टिकलीच्या कवितेचं सांगायलाच आलेय. घरच्यांना कसं सांगायचं म्हणून मला कानकोंडं झालं होतं."

"माझंही तेच काम आहे," आबा म्हणाले.

शाळेतल्या बाईंच्या एका हातात कागदी मुकुट होता आणि दुसऱ्या हातात एका रडणाऱ्या सशाचा कान. "दोघांचं एकच म्हणणं असेल, तर मी बदलते कविता," त्या म्हणाल्या. "नाही तरी हेडमास्तर कुरकुर करतायत. मला आपला कार्यक्रम पार पडायला हवा."

"अहो, काय ती कविता!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला तर ऐकतानाच मळमळलं."

"घाण आहे," आबा म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यासारखं बोलत होतं. त्यांना बरं वाटलं. "पोरांच्या तोंडी घालायची ही वस्तू आहे का?"

"तेच तर! आणि आमची मुलगी काय सांगते माहितीये? टिकली सगळ्यांना म्हणते, ही माझ्या आजीची कविता. आजी ओकायची तेव्हा मी भांडं धरायचे आणि आम्ही दोघी म्हणायचो. मी म्हटलं, शी! एवढ्याशा पोरीला तुम्ही तिथं बसू देत होतात? राग मानू नका आबा, पण घरात अशी घाण चाललेली असताना मुलांना त्या खोलीत पाऊल टाकू देऊ नये. मला तर नुसतं डोळ्यासमोर आलं तरी..."

त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि नाकाला लावला. छान रुमाल होता, कडेला बारीक वेल काढलेली. रुमालाच्या वर त्यांचे डोळे किंचित बारीक झाले होते. हॉलमध्ये खडूचा आणि पोरांच्या घामाचा वास होता, बाकी कसलाच नव्हता.

आबा त्या डोळ्यांकडे बघत राहिले. त्यांचा हात स्वतःच्या खिशातल्या रुमालाकडे गेला आणि तसाच मागे आला.

"घाण नव्हती ती," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

तोवर बाईंनी टिकलीला पुढे बोलावलं होतं. दुकानात घसा फोडून ओरडणारी पोरगी स्टेजच्या मधोमध हात मागे बांधून उभी राहिली. तिनं दाराशी आबांना पाहिलं आणि मग स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "पोटात माझ्या राहतं कोण," एवढं ती म्हणाली. तेही ओठांतल्या ओठांत. पुढे थांबली.

"मग आजोबा, बदलू या ना?" बाईंनी विचारलं. "फुलपाखराची एक आहे, चार ओळींची. तिच्याच्यानं होईल."

"कविता वाईटच आहे," आबा म्हणाले.

"हो ना," डॉक्टरीणबाई रुमालाआडून म्हणाल्या.

"पण तक्रार माझी वेगळी आहे. ती म्हणते हळू. मागच्या लोकांना काही कळणार नाही."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. सशानं संधी साधून कान सोडवून घेतला आणि पळाला.

आबा भिंतीच्या कडेकडेनं मागे गेले. शेवटच्या रांगेत पोरांची दप्तरं ठेवलेली होती, एक खुर्ची तेवढी रिकामी होती. तिच्यावर कुणाच्या तरी डब्यातलं काहीतरी सांडलेलं होतं, पिवळं, अजून ओलं. आबांनी ते पाहिलं आणि ते त्याच खुर्चीत बसले.

"म्हण," ते तिथून म्हणाले.

टिकलीनं मान वर केली आणि पहिली ओळ पुन्हा म्हटली, मघापेक्षा जराशी मोठ्यानं.

"नाही ऐकू येत," आबा म्हणाले.