स्वतःहून

वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्यावर तिला सगळे चिमणी म्हणत. खरं नाव हजेरीपुरतं. अंथरुणं बदलताना, पाठीला मलम लावताना, घास भरवताना तिची टकळी अखंड चालू असे. ज्यांना ऐकू येत नव्हतं, त्यांनाही ती तितकंच मन लावून गोष्टी सांगे. मेट्रनबाईंना ते आवडत नसे, पण त्या खपवून घेत, कारण चिमणीच्या पाळीत जेवणाला कुणी तोंड फिरवत नसे.

बिनसलं ते कप्तानांवरून. कप्तान उभं आयुष्य बोटीवर होते. दिवस कलला की आपली बोट सुटायची वेळ झाली असं त्यांना वाटे आणि पिशवी काखोटीला मारून ते जिन्याकडे निघत. चिमणी त्यांच्याबरोबर व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाई, "आज समुद्र खवळलाय म्हणतात, उद्या निघू" असं सांगे आणि हाताला धरून परत आणी. पण तिच्या एका सुट्टीच्या दिवशी ते जिन्यात पडले. हाड मोडलं नाही, कपाळाला खोक पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी मेट्रनबाईंनी चिमणीला खाली बोलावलं आणि जुनी चादर फाडून केलेल्या पट्ट्या तिच्यापुढे ठेवल्या.

"संध्याकाळ झाली की हात पलंगाला बांधायचे. एकदा सवय झाली की काही वाटत नाही त्यांना."

चिमणीनं पट्ट्यांना हात लावला नाही. "माझ्याच्यानं नाही व्हायचं हे, मेट्रनबाई. मी बसते ना त्यांच्यापाशी. पाळी संपली तरी बसते."

मेट्रनबाई चष्मा पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, आवाजही चढवला नाही. "मग घरी जा," त्या म्हणाल्या. "ज्याला जमतं, तो इथे राहतो."

 चिमणीनं कमरेचा जुडगा सोडला, किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि वळली. दारात तिच्या वन्सं उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे घेऊन. कपांतला चहा हिंदकळून बशांत सांडला होता.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून त्या आश्रमाचं स्वयंपाकघर सांभाळत आणि त्यामागच्याच खोलीत राहत. चिमणीला इथे चिकटवलं होतं तेही त्यांनीच.

रात्रीतून राग निवेल असं चिमणीला वाटलं. सकाळी ती नेहमीसारखी डबा घेऊन फाटकाशी गेली. एरवी तिला पाहून "आली वटवट" म्हणणारा पहारेकरी आज फाटकाच्या गजांमागूनच बोलला.

"आत सोडता येणार नाही. तुम्ही स्वतःहून काम सोडलंय, असं सांगितलंय वरून."

"मी? कधी?"

 वरच्या मजल्याच्या खिडक्या बंद होत्या. रोज या वेळी ती स्वतः त्या उघडत असे.

नवरा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "दप्तर आपटलं म्हणून माझ्या गाडीतल्या पोराला शाळा सोडल्याचा दाखला देत नाहीत," तो म्हणाला. "तू काय म्हणालीस? काम सोडते म्हणालीस?"

"हे होणार नाही म्हणाले. एवढंच."

"मग चल कामगार कचेरीत."

तक्रार गेली आणि दिवस सरकू लागले तसं तिला एकेक जाणवू लागलं. तळमजल्यावरची आया बाजारात समोरून आली आणि तिला पाहताच भाजी न घेता माघारी फिरली. औषधं पोचवणारा माणूस ओळख दाखवेना. आश्रमाची पांढरी गाडी त्यांच्या गल्लीत दोनदा दिसली, त्यातून कुणी उतरलं मात्र नाही. तिसऱ्या वेळी मेट्रनबाई उतरल्या. नवरा कामावर गेलेला होता.

त्यांनी फळं आणली होती. खुर्चीवर बसून त्यांनी खोलीभर नजर फिरवली, दोरीवर वाळणारे कपडे पाहिले, चिमणीच्या लेकीचा अभ्यास कसा चाललाय ते विचारलं. मग अगदी मायेनं म्हणाल्या, "तू रागावलीस, निघून गेलीस. माणसाचं होतं असं. स्वतःहून सोडलं म्हण, मी चांगलं शिफारसपत्र देते. मोठ्या इस्पितळात लागशील."

"पण मी सोडलं नाही. तुम्ही घरी जा म्हणालात."

"ऐक. तू सोडलं म्हणालीस, तर विषय मिटला. आम्ही काढलं असं ठरलं, तर का काढलं हे आम्हाला सांगावं लागेल." त्यांनी पिशवीतून एक सफरचंद काढलं, पदरानं पुसलं आणि तिच्या हातात दिलं. "कप्तानांच्या मनगटांवर वळ आहेत. काळेनिळे. आता ते कुणाच्या पाळीत पडले, ते शोधावं लागेल."

चिमणीच्या हातातलं सफरचंद थंडगार होतं. "मी होते तेव्हा वळ नव्हते."

"हे तुला ठाऊक आहे," मेट्रनबाई उठत म्हणाल्या. "आणि कप्तानांना. पण ते तर बोटीची वाट बघतात."

त्या गेल्यावर चिमणीनं दार लावून घेतलं, कडी घातली आणि भरदुपारी आत बसून राहिली. जिची टकळी थांबत नसे, ती त्या दिवशी लेकीशीही धड बोलली नाही. नवऱ्याला मात्र तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आगीतून फुफाट्यात जायचं नसेल तर तक्रार सोड. मी काही म्हणणार नाही."

"वळ आहेत म्हणाल्या त्या," चिमणी म्हणाली. "म्हणजे बांधताहेत. रोज बांधताहेत."

सुनावणीच्या आदल्या दिवशी ती वन्संना आश्रमामागच्या गल्लीत गाठायला गेली. वन्सं केराची बादली घेऊन बाहेर आल्या, तिला पाहून थबकल्या आणि आधी मागे वळून पाहिलं.

"वन्सं, तुम्ही होतात दारात."

"होते."

"उद्या तुम्हाला विचारतील."

"मला बोलावून घेतलं होतं आश्रमाच्या संचालकांनी," वन्सं म्हणाल्या. "म्हणाले, तुमचं वय झालंय, ऐकू कमी येतं, नीट आठवून सांगा. माझी खोली त्यांची आहे, अगं. अंथरूण त्यांचं. मी काय सांगेन ते आज मला विचारू नकोस. मलाच ठाऊक नाही." बादली रिकामी न करताच त्या आत गेल्या.

कामगार कचेरीतली खोली लहान होती. पंखा कुरकुरत होता. अधिकारी बाई समोर, एका बाजूला चिमणी नि तिचा नवरा, दुसऱ्या बाजूला संचालक, मेट्रनबाई आणि त्यांचा वकील. वकिलाचं म्हणणं सरळ होतं: सांगितलेलं काम नाकारलं, किल्ल्या टेबलावर टाकल्या, निघून गेली. याला राजीनामा नाही तर काय म्हणायचं?

अधिकारी बाईंनी वन्संना पुढे बोलावलं. "मला एवढंच सांगा. किल्ल्या आधी ठेवल्या, की 'घरी जा' हे आधी म्हटलं?"

वन्संनी पदर दोन्ही हातांत घट्ट धरला होता. मेट्रनबाई त्यांच्याकडे बघून किंचित हसल्या, जशा त्या सगळ्यांकडे बघून हसत.  चिमणीला वाटलं, आता त्या 'ऐकू आलं नाही' म्हणतील, आणि आपण त्यांना दोषही देऊ शकणार नाही.

"आधी घरी जा म्हणाल्या," वन्सं म्हणाल्या. "किल्ल्या नंतर ठेवल्या. ऐकू येतं मला."

वकील लगेच पुढे सरसावला. काढलं असेल तर त्यालाही कारण होतं, एका वृद्धाच्या मनगटांवर वळ होते, असं तो सांगू लागला. अधिकारी बाईंनी हात वर केला.

"मघाशी ती स्वतःहून गेली होती. आता तुम्ही काढलं म्हणता. दोन दगडांवर पाय ठेवून उभं राहता येत नाही, वकीलसाहेब. कामावर परत घ्या. वळांची चौकशी करायची तर रीतसर करा."

बाहेर आल्यावर नवरा मोकळेपणी हसला. चिमणीला हसू येईना. संचालक गाडीत बसताना वन्संसाठी दार उघडून धरत होते. "या ना, आपण एकाच ठिकाणी चाललोय," ते म्हणाले. वन्सं मागे न बघता आत बसल्या.

सोमवारी ती कामावर गेली. पहारेकऱ्यानं एक शब्द न बोलता फाटक उघडलं. मेट्रनबाईंनी स्वतः किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला.

"वरचा मजला आता पूर्ण तुझा. दुसरं कुणी वर येणार नाही. जे होईल, ते तुझ्या पाळीत." मग जणू सहज आठवल्यासारखं म्हणाल्या, "कप्तानांची मुलगी येतेय आज. मनगटांबद्दल तिला कळवलंय आम्ही. काय सांगायचं ते तूच सांग."

चिमणी जिना चढली. वरती कधी नव्हे इतकी शांतता होती. ज्या आजी पहाटेपासून हाका मारत, त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. कुणी पाणी मागितलं नाही. तिनं खिडक्या उघडल्या. उजेड आला तरी कुणी मान वळवली नाही.

कप्तान शेवटच्या पलंगावर बसले होते. कपाळावर खोकेचा व्रण तेवढा उरला होता. सदऱ्याच्या लांब बाह्या तळहातांपर्यंत ओढलेल्या होत्या.

"कप्तान, मी आलेय," ती म्हणाली. "उठा, व्हरांड्यात चक्कर मारू."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, कळलं नाही. मग अगदी शहाण्या मुलासारखं त्यांनी दोन्ही हात एकत्र जुळवून तिच्यापुढे धरले आणि बांधायची वाट बघत राहिले.

चिमणी त्यांच्या पायाशी बसली. तिनं ते हात हातात घेतले, हळूहळू एकमेकांपासून सोडवले आणि बाह्या कोपरापर्यंत वर सरकवल्या. वळ जुने होते, त्यांवर नवे होते, आणि सगळ्यात वरचे कालचे असावेत.

जिन्यात बायकी चपलांचा आवाज झाला. मागून मेट्रनबाईंचा सौम्य स्वर येत होता, "हो, वर तीच आहे, जिला आम्ही काढलं होतं."

चिमणीनं बाह्या खाली ओढल्या नाहीत. कप्तानांचे दोन्ही हात तसेच उघडे आपल्या हातांत धरून ती दाराकडे तोंड करून बसली.

दारात एक प्रौढ बाई येऊन थांबली. तिची नजर वडिलांच्या मनगटांवर गेली, मग चिमणीवर, आणि तिचा चेहरा कठीण झाला.

"हे तुम्ही केलंत?"

"नाही," चिमणी म्हणाली.  "बसा ताई. कुणी केलं आणि मी कशी गेले, दोन्ही सांगते. मेट्रनबाई, तुम्हीही थांबा."

मेट्रनबाई थांबल्या. आत येऊन त्यांनी दार हळूच लावून घेतलं.