त्रेचाळीस नंबरच्या घरातल्या दोन चुली

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत शाहूवाडीकडच्या त्या डोंगराळ गावात जनगणना आली, तेव्हा चिमणाबाई परसातल्या आपल्या चुलीवर भात उतरवत होत्या. नवरा गेल्यापासून सहा वर्षं त्यांचा नेम होता. अंघोळ करून स्वतः रांधायचं, देवाला दाखवायचं आणि तेवढंच एकवेळ खायचं. सुनेच्या हातचा चहासुद्धा नाही.

शाळेतल्या क्रांतीबाई पुढच्या सोप्यात घर नंबर त्रेचाळीसचे कागद पसरून बसल्या होत्या. चिमणाबाईंचा मुलगा भाऊसो नावं सांगत होता. तो, त्याची बायको बाळाबाई, दोन मुली आणि आई.

"बाई, तरणं कोण घावलं का गावात?" भाऊसोनं विचारलं.

"निम्म्या घरात म्हातारीच माणसं. पोरं सगळी कारखान्यात नाहीतर पुण्याला," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे एकाच चुलीवर जेवता ना?"

"व्हय की."

बाईंनी मागच्या दाराकडं पाहिलं. परसातनं धूर निघत होता. "चूल वेगळी असली, तर कुटुंब वेगळं लिहावं लागतं."

"लिवा की एकच! सरकार काय जेवायला येनार हाय?"

चिमणाबाई दारात येऊन हळूच म्हणाल्या, "खोटं सांगू नगंस, भाऊ. माझी चूल वेगळी हाय."

"आये, तू गप. लोक म्हणतील, बायकोचं ऐकून म्हातारीला वेगळं काढलं."

"म्हणतील कशाला? म्हणत्यातच की!" पिठाच्या हातानं बाळाबाई बाहेर आली. "शेजारच्या बयाक्कानं हळदीकुंकवाला सगळ्या आळीला बोलावलं, मला तेवढं टाळलं. म्हणं, सासूला उपाशी ठेवणारीला कुंकू कोण लावंल? आता कागदावर बी तेच लिवा."

हे चिमणाबाईंच्या कानावर कधी आलं नव्हतं. नेम आपला आणि देवाचा, एवढंच त्या धरून चालल्या होत्या.

"बाई, वेगळीच लिवा," त्या म्हणाल्या. "पर खाली लिवा, सुनंनं काढलं न्हाई. नेम माझा हाय."

"तसा रकाना नाही, आजी."

"मग वं?"

"मग काही नाही. कुटुंबप्रमुख म्हणून तुमचं नाव. माणूस एक."

भाऊसो उठून गोठ्याकडं निघून गेला. चिमणाबाईंनी भात झाकला. नैवेद्य तसाच ठेवून, पदर डोक्यावर घेऊन त्या शेजारच्या अंगणात गेल्या. बयाक्का चारपाच बायकांत बसून शेंगा फोडत होती.

"बये, माझी चूल मी मांडलीया. बाळीनं न्हाई," चिमणाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, पण बायकांचे हात थांबले.

"अगं बया! मग सहा वर्सं तोंडात मिठाची गुळणी धरलीतीस व्हय?"

"मला कुणी इचारलं न्हाई. आन मी बी कुणाला इचारलं न्हाई, त्या पोरीला काय ऐकावं लागतंय ते."

"आमाला आपलं वाटलं..."

"वाटलं ते झालं. आता तिला बोलव आन कुंकू लाव. तवर मी हितंच बसती."

"हळदीकुंकू सरलं की आता!"

"कुंकू सरलं न्हाई न्हवं?" म्हणत चिमणाबाई पायरीवर टेकल्या.

बयाक्कानं शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि कुंपणावरनं हाक घातली, "ए बाळाबाई! ये की जरा हिकडं!"

पलीकडनं उत्तर आलं, "हात पिठाचं हायती म्हणावं!"

"धुऊन ये म्हणावं," चिमणाबाई म्हणाल्या आणि समोरच्या शेंगा फोडायला घेतल्या.