पोळीवर भीमराजच

घाटकोपरच्या भटवाडीत विमला सावंतचं केटरिंग झकास चाललं होतं. वडील गिरणी कामगार, नवराही गिरणीतच, आणि पुढे ती गिरणी बंद पडली. तेव्हा तिने घरातून डबे सुरू केले, आणि वाढत वाढत आता एक भाड्याचा गाळा, मोठाल्या शेगड्या आणि दहा-बारा माणसं एवढा पसारा झाला होता. ऑर्डरी तिचा मुलगा सुयोग घ्यायचा. सकाळी गाळ्यात पाऊल टाकलं, फोडणीचा वास नाकात गेला, की विमलाला घरी आल्यासारखं वाटायचं.

पुरणपोळीवर भीमराज असायचा. कुर्ल्याहून येणारा, कमी बोलणारा आचारी. त्याची पोळी काठापर्यंत पुरणाने भरलेली, तव्यावर टम्म फुगणारी. गेल्या दिवाळीपासून लोक पोळीसाठीच फोन करू लागले होते.

मुलुंडच्या उत्तरा दामल्यांनीही त्यासाठीच फोन केला. मुलाची, मिहीरची मुंज होती. सगळं ठरलं, आणि दोन दिवसांनी सुयोग आईजवळ येऊन हळूच म्हणाला, "आई, त्यांच्या घरात एक मोठे काका आहेत. आचारी कोण, आडनावं काय, विचारतायत."

"मग?"

"मग काय? भीमराजला त्या दिवशी चेंबूरच्या साखरपुड्याला पाठवू. त्याला कळणारही नाही. उगाच कोणाचं मन दुखायला नको ना."

सुयोग वाईट मुलगा नव्हता. त्याला खरंच कोणाला दुखवायचं नव्हतं. विमलाला ते पटलं नाही, पण समोर मसालेभाताचा टोप उतरवायचा होता. "बघ तुला काय ते," म्हणून ती मोकळी झाली.

दुपारी कामं वाटताना ती म्हणाली, "भीमराज, रविवारी तू चेंबूरला."

तो पुरण वाटत होता. हात थांबला. "मुलुंडला मुंज आहे ना, काकी?"

"हो. तिथे पोळीचं बघेल दुसरं कोणीतरी."

"बरं," तो म्हणाला आणि परत वाटू लागला. मग मान वर न करताच म्हणाला, "आधीच्या ठिकाणीपण मुंज, वास्तुशांत असं काही असलं की मी दुसरीकडेच असायचो. सवय आहे मला."

आवाजात राग नव्हता. राग असता तर विमलाने उत्तर दिलं असतं. कामाला लागताना तिने त्याला विचारलं होतं, आधीची नोकरी का सोडलीस? "असंच," म्हणाला होता. ते "असंच" म्हणजे काय ते तिला आत्ता कळलं.

हात पुसत ती सुयोगच्या टेबलाशी गेली. "फोन लाव दामल्यांना."

"आई, ऑर्डर जाईल. एवढ्या मोठ्या ऑर्डरची वाट लागेल."

"जाऊ दे. लाव म्हणते ना."

पलीकडून उत्तराचा आवाज आला. विमलाने आडपडदा ठेवला नाही. "ताई, स्वयंपाक कसा करतो ते बघायला या, वाटलं तर दिवसभर उभ्या राहा. तूप चाखा, भांडी तपासा. पण आचाऱ्याची जात काढणार असाल तर मला जमायचं नाही. माझ्याकडे पोळीवर भीमराज असतो. तुमच्याकडेही तोच असेल."

सुयोगने डोळे मिटून घेतले.

"विमलाताई," उत्तरा म्हणाली, "मी विचारायलाच नको होतं. काका म्हणाले आणि मी मुकाट्याने फोन फिरवला. ऑफिसात कोणी असं काही बोललं असतं तर मी भांडले असते. घरात तोंड उघडलं नाही. पाठवा त्यांनाच. काकांचं मी बघते."

विमला भीमराजपाशी गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "चुकलं माझं. तुला न सांगता तुला बाजूला काढत होते."

भीमराजने तिच्याकडे पाहिलं. "काकी, मुलुंडला जायचं की नाही, ते मला विचारा. एवढंच. माझ्यामागे ठरवू नका."

"मग विचारते. जाशील?"

त्याने थोडा विचार केला. "जाईन. पण तवा पडद्यामागे नाही लावणार."

रविवारी तवा हॉलच्या दारातच लागला. चकोट केलेला बटू मिहीर पंगतीतून उठून गरम पोळीसाठी तव्यापाशी येऊन उभा राहिला, आणि त्याच्यामागे पोरांची ही रांग! मोठ्या काकांनी कोपऱ्यात बसून केळी आणि दूध घेतलं. कोणी आग्रह केला नाही, कोणी टोमणाही मारला नाही. काका बदलले नाहीत. पण काकांना बदलायचा मक्ता विमलाने घेतलाच नव्हता. तिला आपला गाळा सांभाळायचा होता.

सोमवारी तिने सगळ्यांना बसवून सांगितलं, "यापुढे ऑर्डर घेतानाच सुयोग गिऱ्हाईकाला सांगेल, आचाऱ्यांची नावं-गावं विचारायची नाहीत. आणि आपल्यातही, कोण कुठे जाणार ते ज्याच्या त्याच्या कामावरून ठरेल. दुसरं काही बघायचं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मागे बसलेली मदतनीस चेतना म्हणाली, "मग काकी, मी आल्यापासून भाजीच का चिरते? मला जिलबी येते. शेगडीवर नेहमी पुरुषच का?"

"अगं, कढई जड असते, तेल उडतं..." विमलाने सुरुवात केली आणि मध्येच थांबली. उगाच कोणाला त्रास नको! हे सुयोगसारखंच बोलणं झालं. तिला हसू फुटलं. "मला कसं गं हे दिसलं नाही इतके दिवस! उद्यापासून जिलबीवर तू."

"उद्या कशाला? आज जिलबीचा घाणा टाकायचाच आहे ना?" चेतना म्हणाली आणि पदर खोचून उठली.

पहिल्या जिलब्यांचे नुसते लाडू झाले. भीमराज शेजारी कोथिंबीर निवडत होता. तो म्हणाला, "पीठ जरा सैल कर." दुसऱ्या खेपेला वेढे पडू लागले. सुयोगने बिघडलेल्या जिलब्यांची परात उचलली आणि सगळ्यांपुढे फिरवली. चेतनाचा चेहरा आचेने लालबुंद झाला होता. विमलाने एक तुकडा तोंडात टाकला. आकार कसाही असो, पाक मस्त मुरला होता.