आज संपादक कसे मेले

संपादक मेले. नीट मेले, कायमचे मेले. पण हे वाक्य वाचलेच नाही असे समजून पुढे चला, कारण मंगळवारी सकाळी ते लिफ्टमध्ये धडधाकट उभे होते आणि चष्मा कपाळावर चढवून स्वतःच्याच मरणाची हकीकत वाचत होते.

"खुर्चीनं गिळलं?" ते म्हणाले.

"हो," लिफ्टचा मिस्त्री म्हणाला. हातात पाना, चेहरा कोरा.

"सबंध?"

"चपला थुंकल्या."

शेजारी उभी असलेली, दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट फिस्सकन हसली. "सर, पाण्याच्या टाकीत पडलात ना, तेव्हा मला जास्त वाईट वाटलं होतं हो."

संपादकांनी मान डोलावली, खिशातून तांबडी पेन्सिल काढली, भिंतीवरच्या त्या पानाच्या शेवटच्या ओळीवर आडवी रेघ मारली, समासात 'जास्तीचे' असे लिहिले आणि वरच्या मजल्यावर उतरून गेले. मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आग जुनी होती. सर्वांत वरच्या मजल्यावर संपादकांच्या मासिकाची एक खोली होती. मिस्त्री एकदा आपली कथा घेऊन तिथे गेला होता. घोटून घोटून लिहिलेली, बायकोला पुन्हा पुन्हा ऐकवलेली आणि तिला पुन्हा पुन्हा झोपवणारी कथा. संपादकांनी ती उभ्याउभ्या चाळली आणि परत दिली.

"वाईट नाही. पण तुम्हाला ओळखतं कोण? आधी छोटं छोटं लिहा, कुठं तरी छापा, चार वाचक जमवा. मग या. आणि आलाच आहात तर तेवढा पंखा बघा, फार कुरकुरतो."

लिफ्टच्या मिस्त्रीला पंखा बघायला सांगणे म्हणजे गवयाला भोंगा वाजवायला सांगण्यासारखे. पण खरा अपमान तो नव्हता. खरा अपमान हा की तो मुकाट्याने स्टुलावर चढला, पंखा दुरुस्त केला, आणि चांगला केला.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितले, "मारणार त्याला."

"आधी जेवून घ्या," बायको म्हणाली.

जेवून त्याने संपादकाला मारले. एका पानात. दुसऱ्या दिवशी ते पान लिफ्टमध्ये, जास्त माणसांनी चढू नये या पाटीखाली, चिकटवले. सगळे संपादकांच्या सांगण्याबरहुकूम: छोटे लिहिले, लोकांपुढे मांडले, आणि वाचक तर दार लावून कोंडलेलेच होते. अशी सोय कुठल्या लेखकाला आहे? लिफ्ट खालून वर जाईपर्यंत कथा संपायची. कथा लांबली तर मिस्त्री गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन लिफ्टचा वेग कमी करायचा. कोणी विचारले तर सांगायचा, "व्होल्टेज."

वाचक वाढले. पहिल्या मजल्यावर काम असलेली माणसे शेवटपर्यंत जाऊन परत येऊ लागली. आपापल्या बुटांकडे बघत उभी राहणारी मंडळी एकमेकांना विचारू लागली, "आज कसे मेले?" आणि ज्या संपादकांना इमारतीत कुत्रेही ओळखत नव्हते, त्यांच्या आता दरवाजाशीच चौकशा होऊ लागल्या, बरे आहात ना, जपा हो. मिस्त्रीच्या जिवाचा संताप संताप होई. सूड घ्यायला जावे तर वैऱ्याचाच भाव वधारला! वर ती तांबडी रेघ. रोज मरायचे, आणि रोज मरणाचे शेवटचे वाक्य कापायचे.

"तो माणूस तुमचं रोज वाचतो तरी," बायको म्हणाली. "मी नाही वाचत."

"वाचत नाही. कापतो."

"मग एकदाच मारून मोकळे व्हा ना! रोज रोज काय ते, दात घासल्यासारखं."

त्या मंगळवारी संध्याकाळी इमारत रिकामी होत होती आणि संपादक राहिलेली प्रुफे तपासायला पुन्हा वर निघाले होते. मिस्त्री त्यांच्यासोबत चढला आणि त्याने लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवली.

"बिघडली?" संपादकांनी विचारले.

"थांबवलीय. माझी कथा छापा, नाहीतर बसा इथंच."

"बसू?" म्हणून संपादक खरोखरच त्याच्या हत्यारांच्या पेटीवर बसले. जरा दमलेले दिसत होते. "तुम्ही मारता झकास. पण मी मेल्यावर रोज एक वाक्य लिहिता. 'आणि अशा रीतीने त्याला त्याच्या कर्माचं फळ मिळालं.' अहो, मेला ना माणूस? मग गप्प बसा की."

"ते वाक्य माझं आहे."

"तेच म्हणतो. बाकीची कथा वाचकांची आहे. ते वाक्य काढा, मी छापतो."

"शब्द?"

"संपादकाचा शब्द. बाजारात किंमत नाही, पण दिला." मग उठता उठता म्हणाले, "पंखा छान चालतो हो. सांगायचं राहूनच गेलं होतं."

मिस्त्रीने लिफ्ट सुरू केली. चिडून, पूर्ण वेगात.

बुधवारच्या पानात संपादक शिंक अडकून मेले आणि तिथेच कथा थांबली. ते एक वाक्य न लिहिण्यासाठी मिस्त्रीला जेवढा घाम आला तेवढा लिफ्टची दोरी बदलतानाही आला नव्हता. दुपार झाली तरी पानावर तांबडी रेघ उमटली नाही. जिरवली! असे म्हणत जुनी कथा बगलेत मारून तो वर गेला.

संपादक खुर्चीत होते. मान एका बाजूला, बोटांत पेन्सिल. डोक्यावर पंखा जराही आवाज न करता फिरत होता.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, काल संध्याकाळीच. म्हणजे बुधवारचे पान त्यांनी वाचलेच नव्हते. स्ट्रेचर लिफ्टमध्ये आडवे मावेना, म्हणून जिन्याने उतरवावे लागले. पायांकडची बाजू मिस्त्रीने धरली. जिन्यात चिटपाखरू नव्हते. सगळे वाचक लिफ्टमध्ये होते.

गुरुवारी त्याने नवे पान लावले. रिसेप्शनिस्टने वाचले आणि नाक मुरडले.

"खुर्ची परवाच झाली ना? परत खुर्चीच?"

"खरंच गेले, ताई."

"आणि खाली 'ही कथा नाही' म्हणे! हे मात्र भारी हं." मागची दोन माणसे हसली. "उद्या उठवा त्यांना, आणि दाढदुखीनं मारा. आमच्याकडे खुर्ची पण आहे."

सगळे उतरले.  मग रिकाम्या लिफ्टमध्ये मिस्त्रीने ते पान काढले, दुसरा कागद घेतला, डाव्या बाजूला हातभर समास सोडला आणि अगदी सुवाच्य अक्षरात लिहिले:

'कळविण्यात येते की, वरच्या मजल्यावरील संपादक आपल्या खुर्चीत वारले. ही कथा नाही. लिफ्टचा वेग पूर्ववत करण्यात आला आहे. तरी संपादकांना विनंती की, वरील मजकुरातील जास्तीचे वाक्य नेहमीप्रमाणे तांबड्या पेन्सिलीने कापून, प्रत याच लिफ्टने खाली पाठवावी.'