हरवलेल्या माणसाची पेशी

वामनरावांनी आणलेला टांगा सकाळपासून दारात उभा होता. निर्मळकडची मोटार दुपारी सुटे. तिथून पुढे भैंसा, वामनरावांचे घर, म्हणजे दमयंतीचे माहेर. तिची लोखंडी पेटी ओसरीत कुलूप घालून ठेवली होती आणि पेटीवर सात वर्षांची लेक पद्मजा बसली होती. तिच्या उजव्या भुवईवर हळदीचा जाड लेप होता. ती रडत नव्हती. रडण्याचा आवाज वडिलांना सोसत नाही, हे तिला कुणी न सांगता कळले होते. मोठ्या माणसांना अजून कळायचे होते ते बरेच काही त्या पोरीला कळले होते.

भुवई फुटली ती वडिलांनी फेकलेल्या पितळी दौतीने. परवा ओटा झाडताना तिने वडिलांचे उतरते मेज वीतभर बाजूला सरकवले होते, एवढाच तिचा अपराध.

"आज दौत हाय," वामनराव म्हणाले, "उद्या विळा असंन. मंग काय करशीन तू, दमू?"

"ते मुद्दाम नाय करत, दादा."

"वीज तरी मुद्दाम पडते काय? पण माणूस झाडाखालून उठते का नाय?"

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा, प्रयागबाईंचा आवाज आला.

"घेऊन जा, बापा, घेऊन जा बहिणीले. कुंकू शाबूत हाय तं जड होऊन राह्यलं तिले. माहं लेकरू मरणाच्या दारातून परत आलं, अन् हिले वाटते का ते आलंच नाय!"

सासूबाईंनी तिच्यावर केलेला आरोप अक्षरशः खरा होता.

अडीच वर्षांपूर्वी दमयंतीचा नवरा हेमचंद्र, आदिलाबादच्या तहसील कचेरीतला पेशकार, तहसीलदार साहेबांबरोबर दौऱ्यावर निघाला होता. तहसीलदारासमोर मुकदमे मांडायचे, अर्जदारांना पुढच्या पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, तारखा द्यायच्या, हे त्याचे काम. गुडीहत्नूरच्या अलीकडे एका नाल्यात गाडीचे चाक दगडावर चढले, गाडी उलटली, आणि हेमचंद्राचे डोके काळ्या पाषाणावर आपटले. कित्येक दिवस तो श्वास घेणारी माती होऊन पडला होता. हैदराबादच्या दवाखान्यात हाड सांधले, जखम भरली. घरी आणल्यावर तो बसू लागला, जेवू लागला. डोळे उघडे असत, पण त्या खिडक्यांत कुणी येऊन उभे राहत नसे. मग एका सकाळी, प्रयागबाई त्याच्या तोंडाला पाणी लावत असताना, त्याचे ओठ हलले आणि स्वच्छ, खणखणीत शब्द उमटले.

"अगली पेशी, जुमेरात."

प्रयागबाईंनी त्या दिवशी गल्लीभर साखर वाटली. लेकरू बोलले! काय बोलले, हे कुणी विचारले नाही. वाचा आली म्हणजे माणूस आला, असे सगळ्यांनी गृहीत धरले, दमयंतीनेही. साखरेचा तो दाणा अजून तिच्या जिभेवर विरघळायचा राहिला होता.

कारण त्यानंतर आली ती फक्त कचेरी. आईच्या मांडीवर शिकलेली मराठी त्या नाल्यात वाहून गेली होती आणि दफ्तरात कमावलेली उर्दू काठावर सुकी, कोरी शिल्लक राहिली होती. मराठी त्याला समजे. पण ओठांवर येई ती दुसरीच भाषा, अदबीने वाकणारी, दूर ठेवणारी. दमयंतीने ताट वाढले की तो म्हणे, "रख दीजिए." पाणी दिले की म्हणे, "शुक्रिया." ही बाई कोण, असे कुणी विचारले तर अचूक सांगे, "हमारी अहलिया हैं." अहलिया म्हणजे पत्नी; त्याला नाते ठाऊक होते. नात्यातली ऊब तेवढी कुणीतरी काढून घेतली होती, फळ जसेच्या तसे ठेवून आतला गर काढून घ्यावा तशी. कचेरीने एक हिवाळा दयेने त्याला बसवून पाहिले. तो तारखा देई, निकालाचा कागद पुढे आला तरी तारीखच देई. कुणी हटकले तर लाल होऊन कागद फाडी. शेवटी त्याला घरी पाठवले.

आता तो रोज सकाळी शेरवानी चढवून ओट्यावर मेज मांडून बसे. गल्लीला फुकटचा तमाशा मिळाला. निजामी अंमलात शुक्रवारी सुट्टी, म्हणून त्याच्या आधीचा गुरुवार, म्हणजे जुमेरात, त्याच्या मेंदूत खिळ्यासारखा रुतला होता. प्रत्येक अर्जदाराला तोच दिवस मिळे. लोक त्याला 'जुमेरात साहेब' म्हणत. प्रयागबाई म्हणत, "हसू दे मेल्यायले. लेकरू कामात राह्यते ना?"

याही क्षणी बाहेर दरबार भरला होता. समोरच्या किराणा दुकानाचे यशवंतराव हात जोडून उभे होते, मागे चार-पाच रिकामटेकडे.

"हुजूर, शेजाऱ्याचा कोंबडा माह्या आंगणात येऊन आरवते. मंग पहाट त्याची का माही?"

हेमचंद्राने गंभीरपणे विचारले, "गवाह?"

"कोंबडी हाय ना, हुजूर! पण ते नवऱ्याच्याच बाजूनं बोलीन."

हशा उसळला. हेमचंद्र हसला नाही. बोरू दौतीच्या जागी बुडवून त्याने कागदावर काही ओढले. दौत परवापासून फडताळात लपवलेली होती. कोरडा बोरू नुसता कुरकुरला, अक्षर उमटले नाही, आणि ते त्याच्या ध्यानातही आले नाही. "अगली पेशी, जुमेरात."

दाराआडून दमयंती ऐकत होती. अडीच वर्षे तिने या माणसाला बोलावून पाहिले होते. जात्यावर बसून जुन्या ओव्या म्हटल्या होत्या, त्याच्या आवडीचे लिंबाचे लोणचे घातले होते, त्याच्या पायांवर डोके ठेवून हुंदके दिले होते, त्यावर त्याने पाय आखडून घेऊन म्हटले होते, "तशरीफ़ रखिए." घरात तो तिचे कधीच ऐकणार नव्हता. कारण तो घरात नव्हताच. जो काही उरला होता तो या ओट्यावर होता, आणि ओट्यावर यशवंतरावांची कोंबड्याची तक्रारही मन लावून ऐकली जात होती.

"दादा," ती वळून म्हणाली, "यायनं एकदा जरी मले वळखलं, खरं वळखलं, तं मी ऱ्हाईन. नाय तं आत्ताच्या आत्ता निंगू."

"अन् कसं कळंन तुले?"

तिने पदर घट्ट ओढला, अंगणाच्या कडेने गेली आणि ओट्याखाली, पुरुषांच्या त्या घोळक्यात, अर्जदाराच्या जागी जाऊन उभी राहिली.

यशवंतरावांच्या तोंडातले हसू तिथेच वाळले. "वहिनी... आमी आपलं गमतीनं..." ते मागे सरले. आतून प्रयागबाई ओरडल्या, "अवो, इज्जत काढून राह्यली का घराची?" दमयंतीने मान वर केली नाही.

"फ़रमाइए," हेमचंद्र म्हणाला.

"हुजूर, माहा माणूस हरवला."

"नाम?"

हे नाव तिने जन्मात एकदाच, लग्नात उखाण्याच्या मखमलीत गुंडाळून, घेतले होते. आज ते यमकाशिवाय, उघड्यावर, त्याच्याच तोंडावर घ्यायचे होते.

"हेमचंद्र."

घोळक्यातला कुणीतरी खोकला. बोरू थांबला नाही. कोऱ्या कागदावर कोरडे टोक उजवीकडून डावीकडे शांतपणे चालत गेले, कुणा अनोळखी इसमाचे नाव लिहावे तसे.

"कब से?"

"गुडीहत्नूरच्या नाल्यापासून."

"हुलिया?"

हरवलेला माणूस दिसतो कसा? ती खुळ्यासारखी त्याच्याकडे पाहत राहिली. "उंची तुमच्याएवढीच, हुजूर. रंगही तुमचाच. फक्त कपाळावर ही खूण नव्हती." मग मात्र बांध फुटला. "गळ्यात सूर नव्हता, पण मी जात्यावर बसली का मागची ओळ पकडायचे अन् ओवीत तहसीलदार सायबाले कोंबायचे. हसून हसून माहा खुंटा सुटायचा. बजारातून सीताफळं आणायचे. स्वता एक नाय खायचे. एकएक बी काढून पोरीले गर भरवायचे, बी नरड्यात जाईन म्हणून. मी रागावली का उंबऱ्याबाहीर उभे ऱ्हायचे, अन् म्हणायचे, 'हा अर्जदार पाण्यावाचून मरून राह्यला, सरकार.' मी पाणी घेऊन जायची. असे होते, हुजूर. कोनाले दिसले काय? कोनी तं सांगा!"

बोरू थांबला होता.

हेमचंद्र तिच्याकडे पाहत नव्हता. तो समोर, टांग्याच्या घोड्यापलीकडे, जिथे काहीच नव्हते तिथे पाहत होता. त्याच्या गालावरून पाण्याची एक रेघ संथपणे खाली उतरत होती. अडीच वर्षांत तो रागावला होता, ओरडला होता, एकदा त्याने भिंतीवर डोके आपटून घेतले होते. पण रडला नव्हता. आई आजारी पडली तेव्हा नाही, पोरीच्या भुवईतून रक्त आले तेव्हाही नाही.

"नेक आदमी था," तो हळूच म्हणाला.

दमयंतीने ओट्याची कड धरली. "व्हय, हुजूर."

तो बराच वेळ ओठ हलवत राहिला, जणू दूरच्या फडताळातली, हाताला न लागणारी वस्तू काढू पाहत होता. मग दफ्तराचा आवाज नसलेल्या आवाजात, जवळजवळ कुजबुजत, तो म्हणाला, "हमें भी नहीं मिला."

तिने हात पुढे केला. बोटे त्याच्या मनगटापर्यंत पोचण्याआधीच त्याचा चेहरा मिटला, पाण्यात पडलेल्या खड्यावरून पाणी मिटावे तसा. गाल ओला का आहे हे न कळून त्याने तो बाहीने पुसला, कागद बाजूला सरकवला.

"अगली पेशी, जुमेरात. दूसरा कौन है?"

दुसरे कुणी नव्हते. घोळका केव्हाच पांगला होता. यशवंतराव दुकानात पाठ फिरवून बसले होते.

ती आत आली तेव्हा वामनराव दारातच उभे होते. त्यांचेही डोळे लाल होते. पण ते व्यवहारी माणूस होते.

"पाह्यलं ना? नाय वळखलं त्यानं तुले."

"नाय वळखलं."

"मंग चाल. मोटार सुटंन."

तिने पेटीचे कुलूप उघडले. पद्मजाचे दोन परकर, पोलकी, लाकडी बाहुली काढून गाठोडे बांधले, ते भावाच्या हाती दिले आणि पोरीला उचलून टांग्यात बसवले. पद्मजाने तिच्या मानेभोवतीचे हात सोडले नाहीत. दमयंतीने ते एकेक बोट करून सोडवले. त्या बोटांइतके जड तिने आयुष्यात काही उचलले नव्हते.

"पोरीले ने, दादा. ते इथं नाय ऱ्हाऊ शकत. माहं चुकलं; आधीच धाडाले पायजे होतं."

"अन् तू? काऊन? बोल ना, काऊन?"

सासूसाठी तो घरी आला होता, गल्लीसाठी तो जुमेरात साहेब होता, भावासाठी तो धोका होता. तो हरवला आहे, हे उभ्या जगात तिच्याखेरीज एकाच माणसाने कबूल केले होते आणि त्या माणसाला इथे एकटे टाकून जायचे होते. दोघे मिळून एकाच मेलेल्याचे सुतक पाळत होते. एकाने उठून जायचे कसे?

"तारीख पडली, दादा," ती म्हणाली.

"त्याची तारीख! कुत्र्यालेही तोच देते तो जुमेरात!"

"मले ठाऊक हाय."

टांगा वळला. पद्मजा आता मात्र मोठ्याने रडू लागली आणि ओट्यावरचा हेमचंद्र कान झाकून, दात खात पुढे-मागे झुलू लागला. आवाज कोपऱ्यावर विरेपर्यंत दमयंती दोघांच्या मधोमध उभी राहिली.

मग तिने फडताळातली दौत काढली. पितळेच्या काठावर रक्ताचा सुकलेला ठिपका होता. तो तिने नखाने खरवडला, दौत राखेने घासली, धुतली, काजळीची शाई काठोकाठ भरली आणि बाहेर नेऊन त्याच्या उजव्या हाताशी, फेकता येईल इतक्या जवळ, ठेवली.

"शुक्रिया," हेमचंद्र म्हणाला, वर न पाहता.