कालच घोटलेलं कर्ड

सासूबाईंनी पावाला लावायच्या संत्र्याच्या कर्डची, म्हणजे अंडी-लोणी घालून घोटलेल्या गोड लेपाची, बरणी पुढे सरकवली. "घरचंच आहे. कालच घोटलं."

मला शंका आली. परसातली संत्री अजून हिरवीगार होती आणि कर्डला सालीच्या किसाचा कडवटपणा अजिबात नव्हता.

"आई, संत्री कुठून आणली?"

"पोलिसी चौकशी नको. खा मुकाट्याने!"

मी मुद्दाम संत्र्याऐवजी लिंबाचा रस, अंडी, साखर आणि लोणी मंद गॅसवर चढवलं. "मग मलाही शिकवा. आत्ताच."

त्यांनी पळी घेतली. ती भांड्याच्या कडेवर खडखडू लागली. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट दाबून धरलं, तरी थरथर थांबेना.

"विकतचं आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस. लगेच डॉक्टरकडे नेईल."

"आपण दोघीच जाऊ," म्हणत मी गॅस बंद केला.